झेंडूआडचा पक्षी

फोटो हातात आला की लीलाधर सर आधी माणसं झाकतात. अंगठ्याने. नवरदेव असो, पुढारी असो, स्वतःचा मेहुणा असो. माणूस झाकला की मागची गाडी नीट दिसते, असं त्यांचं म्हणणं.

चहा बशीत ओततात आणि विसरतात. वर साय धरली की हेमलताबाई बशी उचलून नेतात. नवऱ्याला काही बोलत नाहीत. जे बोलायचं ते भांडी घासताना भांड्यांशी बोलतात.

रस्त्यावरच्या गाड्यांकडे सरांचं लक्ष नसतं. जळगावात भर चौकात रिक्षावाल्यांच्या शिव्या खातात. तीच गाडी ऐंशी वर्षांपूर्वी मोडीत निघालेली असती, तर थांबून तिची चाकं बघत बसले असते.

भिंग सदऱ्याच्या खिशात असतं, लेकीच्या जुन्या टोपड्यात गुंडाळलेलं. लेक नाशिकला दिली, तिला लेक झाली, तरी टोपडं भिंगाकडेच राहिलं.

चिडले की चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसतात. काचांवर बारीक ओरखडे पडले आहेत. दर वर्षी नव्या काचा घालाव्या लागतात.

आणि कोणी ‘इटालियन गाडी’ म्हटलं, की लगेच म्हणतात, “फियाट सोडून बोला.”

हे म्हणावं लागतं. खान्देशात इटालियन म्हणजे फियाट, आणि फियाट म्हणजे कोणाच्या तरी मामाची, पांढरी, लग्नाच्या वरातीत ढकलून सुरू केलेली. सर सांगतात ती गाडी कोणी पाहिलेली नाही. सरांनीही नाही.

लीलाधर बडगुजर धरणगावच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्त झाले आणि जळगावात राहायला आले. तरुणपणी धुळ्याला चित्रकलेचा कोर्स करत असताना रद्दीच्या दुकानात त्यांना एक परदेशी मासिक सापडलं होतं. आतल्या पानावर शर्यतीच्या गाडीचा फोटो होता. इटलीतली, दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची. नाकापासून शेपटीपर्यंत एकच रेघ. ती रेघ त्यांनी हात न उचलता काढून पाहिली. जमली नाही. पुढेही जमली नाही. वर्गात फळ्यावर एका रेघेत गणपती काढणारा माणूस या रेघेपाशी अडला, तो अडलाच.

मग मोबाइल आला. जगभरात अशी अडलेली माणसं आहेत हे कळलं. त्यांचा एक गट होता. कोणी पणजोबाचा धूसर फोटो टाकायचं. कोपऱ्यात अर्धं चाक. त्या अर्ध्या चाकावरून देशोदेशीची शहाणी माणसं हमरीतुमरीवर यायची. चाकाच्या तारा कशा गुंफल्यात, बॉनेटवरचा चामडी पट्टा कुठे येतो, हवेच्या फटी उभ्या की तिरप्या. सरही इंग्रजी जुळवून जुळवून भांडू लागले. कधी बरोबर यायचं. कधी सपशेल चुकायचं. चोपड्याच्या एका फोटोतली गाडी त्यांनी छातीठोकपणे इटालियन ठरवली. ती निघाली साधी विलायती, कुठल्याशा डॉक्टरांची. गटात आठवडाभर हसणं चाललं. तेव्हापासून सरांचं म्हणणं लोक चिमटीत धरून वाचत.

अशात एक दिवस शीतल आली. शीतल त्यांची जुनी विद्यार्थिनी, आता जळगावला वकिली करते. तिचे पणजोबा प्रेमराज शेठ. धरणगावला त्यांचं कापसाचं जिनिंग होतं.

“सर, माळा आवरताना हे फोटो निघाले,” ती म्हणाली. “तुमच्या कामाचे आहेत का बघा. नाहीतर आई पाण्यात सोडायला निघाली आहे.”

सरांनी पहिल्या फोटोतले शेठ अंगठ्याने झाकले. मग भिंग काढून फोटोवर वाकले, ते वर आलेच नाहीत. शीतलला वाटलं, त्यांना बरं वाटत नाही.

“सर, पाणी आणू का?”

“थांब,” सर म्हणाले. “हलू नकोस. उजेड अडतोय.”

दोन माणसांपुरती उघडी गाडी. लांब बॉनेट. तारांची चाकं. मागे निमुळती होत गेलेली शेपटी. आणि ती रेघ.

शीतलने घरात ऐकलेलं सांगितलं. जिनिंगवर एक इटालियन साहेब यायचा, तिकडच्या गिरण्यांसाठी कापूस घ्यायला. नाव मोरेली. धरणगावात तो मुरली साहेब झाला. लढाई पेटली, इटली शत्रूकडे गेली, आणि एक दिवस पोलीस येऊन मुरली साहेबाला छावणीत घेऊन गेले. त्याची ही गाडी जिनिंगच्या पडवीत राहिली. साहेब परत आला नाही. शेठच्या पुना नावाच्या ड्रायव्हरने ती चालती ठेवली. पुढे तिचं इंजिन विहिरीवर बसवलं. काही वर्षं त्याने कपाशीला पाणी पाजलं. मग तेही भंगारात गेलं.

“गाडीचं नाव काय होतं?” सरांनी विचारलं.

“आजी नंदिनी म्हणायची.”

“गायीचं झालं ते.”

“हो ना. आम्हाला वाटायचं गायच असेल.”

सर खुर्चीतून उठले आणि परत बसले. नंदिनी नव्हे. रोंदिनी. तुरिनजवळचा एक छोटा कारखाना. इटालियनमध्ये रोंदिनी म्हणजे पाकोळ्या, वळचणीला घरटी करणारे पक्षी. त्यांनी घरगुती गाड्या बऱ्याच काढल्या, शर्यतीच्या अगदी मोजक्या. शर्यतीच्या सगळ्या गाड्यांचा माग लागलेला आहे. एकीचा नाही. कारखान्याच्या कागदांत तिच्यापुढे एवढंच लिहिलेलं आहे: पूर्वेकडे गेली.

गाल्लो नावाचे एक म्हातारे गृहस्थ या गाड्यांवर पुस्तक करत होते. गटात त्यांचा शब्द शेवटचा. त्या हरवलेल्या गाडीच्या ओळीत ‘पूर्वेकडे’ खोडून ‘धरणगाव’ यावं, एवढं एकच सरांना हवं झालं. त्यांनी फोटो पाठवले. गाल्लोंचं उत्तर इटालियनमध्ये आलं. मोबाइलने त्याचं मराठी केलं. सरांनी ते मोठ्याने वाचलं.

“प्रिय श्री. लीलाधर, फुलांबद्दल अभिनंदन. आता कृपया तुमचे नाक दाखवा. नाकाशिवाय मी काहीही ठरवू शकत नाही.”

“तुमचं नाक बघून काय करायचंय त्याला?” हेमलताबाईंनी आतून विचारलं. “स्थळ बघतोय का?”

नाक गाडीचं होतं. रोंदिनीच्या नाकावर पितळेची पाकोळी बसवलेली असायची. घरगुती गाडीची पाकोळी डावीकडे उडणारी. शर्यतीच्या गाडीची उजवीकडे. बाकी बाहेरून दोघी सारख्याच, फरक इंजिनात. स्टिअरिंग बघूनही ठरवता येत असे, कारण कारखाना घरगुती गाडीला ते डावीकडे बसवायचा आणि शर्यतीच्या गाडीला उजवीकडे. पण हिंदुस्थानात आलेल्या गाड्यांचं स्टिअरिंग लोक उजवीकडे करून घेत. म्हणून गाल्लो स्टिअरिंग मानत नव्हते. पक्षी कोणी बदलत नाही, ते म्हणाले. पक्षी दाखवा.

आणि पक्षी दिसत नव्हता.

शीतलने आणलेले सगळे फोटो दसऱ्याचे होते. गाडीचा फोटो एरवी कोण काढतो? फोटोवाला धुळ्याहून यायचा तो दसऱ्यालाच. गाडी धुतलेली, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकांखाली लिंबू, आणि नाकावर झेंडूचा भलामोठा हार. दर वर्षी हार. दर वर्षी नेमका नाकावर. एका वर्षी तर वर आपट्याची डहाळीही खोचलेली.

“यांना दुसरीकडे कुठे हार घालता येत नव्हता?” सर कडाडले.

“देवाला कुठे घालतात?” हेमलताबाई म्हणाल्या. “गळ्यातच ना?”

तरी सरांनी एक फोटो गटात टाकला. कोणाला फटीतून काही दिसलं तर दिसलं. तो फोटो तिथे मिनिटभरही टिकला नाही. बॉनेटवरचं स्वस्तिक बघून यंत्राने तो उडवला आणि सरांना ताकीद दिली. आपल्याकडचं कुंकवाचं चिन्ह तिकडे भलत्याच आठवणींचं. सरांनी पानभर खुलासा लिहिला. तो वाचायला माणूस नव्हता, यंत्रच होतं. त्याने परत ताकीद दिली. मग सरांनी स्वस्तिक पुसट करून फोटो पुन्हा टाकला. या वेळी तो टिकला. खाली पहिलीच प्रतिक्रिया आली: फोटोत फेरफार केलेला दिसतो. दुसऱ्याने चोपड्याच्या डॉक्टरांची आठवण काढली.

सरांनी चष्मा पुसला.

झेंडू नसलेला एखादा फोटो कुठेतरी असणार, या आशेवर त्यांनी ओळखीपाळखीत सगळ्यांना सांगून ठेवलं: शर्यतीच्या गाडीचा जुना फोटो असला तर कळवा. अमळनेरकडच्या एका गावातून फोन आला. घरी फोटो आहे, आजोबांची शर्यतीची गाडी आहे, आख्ख्या तालुक्यात तिच्यासारखी नव्हती. सर एसटीने अमळनेरला गेले, तिथून रिक्षाने गावात. घरच्यांनी आधी भरीत आणि कळण्याची भाकरी वाढली. मग फोटो आणला. फोटोत छकडा होता. दोन बैल, शिंगांना गोंडे, आणि वर कासरे ओढत उभे आजोबा.

“शर्यतीचीच शे ना?” घरधनी म्हणाला. “पाच गावांत हरली नाही.”

सरांनी भिंग परत खिशात टाकलं. चूक त्यांची होती. खान्देशात शर्यत म्हटली की बैलच. मोटारीची शर्यत लावतो कोण?

“मग सर, ओळखा ना,” घरधनी म्हणाला. “तुम्ही ओळखता ना फोटोवरून? यातला डावा बैल कुठला असेल?”

“भाऊ, मी इटलीचे ओळखतो,” सर म्हणाले.

“हा मग इटलीचा नाही,” घरधनी गंभीरपणे म्हणाला. “हा पारोळ्याच्या बाजारातला.”

शीतलने मग झुलाल आबांचं नाव सुचवलं. झुलाल आबा नव्वदीच्या पुढे गेलेले. त्यांचे वडील जिनिंगवर हमाल होते आणि आबा लहानपणी त्या गाडीचा भोंगा वाजवून मार खायचे. धरणगावला ओट्यावर ते उन्हात बसले होते. सर शेजारी बसले. आबांना शहरी मराठी कळत होती, बोलत मात्र ते आपल्याच भाषेत.

“आबा, मुरली साहेबाची गाडी आठवते?”

“आठवस ना भाऊ. लाल व्हती.”

इटलीच्या शर्यतीच्या गाड्या लालच असत. सर पुढे सरकले. “लाल? की हिरवी?”

“हा, हिरवीबी व्हती.”

“तिच्या नाकावर पक्षी होता?”

“व्हता ना. पितळना.”

“त्याचं तोंड उजवीकडे होतं?”

“हा. उजवीकडेच.”

सरांनी क्षणभर डोळे मिटले. मग त्यांच्यातला मास्तर जागा झाला. “की डावीकडे, आबा?”

“हा भाऊ, डावीकडेच. तुम्ही बरोबर सांगतस.”

“आबा, नक्की कुठे होतं?”

झुलाल आबांना या माणसाची कीव आली असावी. त्यांनी सरांच्या गुडघ्यावर हात ठेवला. “समोर व्हतं, भाऊ. गाडी पुढे जाये, मंग पक्षी काय मांगे दखी?”

सरांनी मोबाइलवर एका ट्रॅक्टरचा फोटो काढून दाखवला. “आबा, हीच का गाडी?”

“हीच,” आबा म्हणाले. “बठ्ठी हीच.” बठ्ठी म्हणजे सगळी.

निघताना मात्र आबांनी एक कामाची गोष्ट सांगितली, न विचारता. पुना ड्रायव्हर जिनिंग बंद पडल्यावर धुळ्याला गेला. तो कधीच वारला, पण त्याची सून सुंदरबाई धुळ्यात देवपूरला राहते, लेकाजवळ.

सर दुसऱ्या दिवशी धुळ्याच्या एसटीत बसले.

सुंदरबाईंचा मुलगा लखन हा एसटीत कंडक्टर. त्याने सरांना आत घेतलं. भिंतीवर पुना ड्रायव्हरचा फोटो होता, हार घातलेला, कपाळावर गंधाचा टिळा. गेलेल्या माणसाचा असतो तसा: मूळ फोटोतला चेहरा तेवढा उतरवून घेतलेला, त्याला स्टुडिओवाल्याने दिलेला कोट, आणि मागे निळं आभाळ. कानात बाळी होती.

“हा चेहरा कोणत्या फोटोवरून घेतला?” सरांनी विचारलं.

“काय माहीत,” लखन म्हणाला. “बाबांनी बनवून आणला होता. मी तेव्हा लहान होतो.”

“स्टुडिओ आहे अजून?”

“तिथे आता मोबाइलचं दुकान आहे. त्या स्टुडिओवाल्याने जुन्या निगेटिव्हच्या काचा धुऊन फोटोंच्या चौकटींना वापरल्या. अर्ध्या धुळ्याचे आजोबा त्या काचांमागे बसलेत.”

सरांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, “चौकट उतरवू का?”

लखनने आईकडे पाहिलं. सुंदरबाईंनी मान हलवली. चौकट खाली आली. मागचे खिळे काढले. पुठ्ठ्याच्या आत, निळ्या आभाळाच्या मागे, जागा भरायला म्हणून मूळ फोटो घातलेला होता.

आखाजीचा, म्हणजे अक्षय तृतीयेचा असावा. झाडाला झोका दिसत होता. झेंडू नव्हता. पुना गाडीच्या पुढे उभा होता, एक हात बॉनेटवर, खांद्यावर उपरणं. आणि त्याच्या कोपराशेजारी, नाकावर, पितळेची पाकोळी. स्वच्छ. पंख पसरलेली.

डावीकडे उडणारी.

सर खाली बसले. लखनने विचारलं, चहा टाकू का. ते हो म्हणाले की नाही, ते त्यांनाही कळलं नाही. त्यांनी भिंग लावलं, काढलं, परत लावलं. डावीकडे. म्हणजे घरगुती गाडी. तुरिनच्या कारखान्याने शेकड्यांनी काढलेली.

मग त्यांना स्टिअरिंग दिसलं. तेही डावीकडे होतं. दसऱ्याच्या सगळ्या फोटोंत ते उजवीकडे होतं.

ते ताडकन उभे राहिले. फोटो उलटा छापला होता! निगेटिव्हची काच पालथी ठेवून छापलं की डाव्याचं उजवं होतं. घाईत छापणाऱ्यांकडून हे होत असे. फोटो उलटा असेल तर पाकोळीही उलटी. मग ती खरी उजवीकडे उडणारी. मग गाडी शर्यतीची. मग धरणगाव.

त्यांनी तिथूनच गाल्लोंना फोटो पाठवला आणि सगळं लिहिलं. उत्तर चहा संपायच्या आत आलं. गाल्लो सभ्य माणूस होते. पण म्हणाले, दुसरंही असू शकतं. ही घरगुतीच गाडी असेल. हा फोटो आधीचा असेल, स्टिअरिंग कारखान्याने दिलं तसं डावीकडे असतानाचा. पुढे कोणीतरी ते उजवीकडे करून घेतलं असेल, आणि मग दसऱ्याचे फोटो आले असतील. फोटो उलटा आहे हे गाडीवरून सिद्ध होत नाही. दुसऱ्या कशावरून तरी करा. पुस्तक महिनाअखेर छपाईला जाईल.

दुसरं काय होतं? नंबराची पाटी पुनाच्या धोतराआड होती. बंडीचे बंद उपरण्याआड होते. झोक्याला डावं-उजवं नसतं.

बाळी होती. फोटोत ती पुनाच्या डाव्या कानात दिसत होती.

“अक्का,” सर सुंदरबाईंकडे वळले, “तुमच्या सासऱ्यांच्या कोणत्या कानात बाळी होती?”

“फोटोमा शे ना, भाऊ. डाव्या कानमा.”

“फोटो उलटा आहे, अक्का.”

सुंदरबाईंनी भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं, मग सरांकडे. “उलटा कसा ऱ्हाई? सुलटाच टांगेल व्हता.”

लखन हसला. सर हसले नाहीत. त्यांनी आरशाचं उदाहरण दिलं. सुंदरबाईंना ते कळलं. त्या काही तितक्या भोळ्या नव्हत्या.

“म्हणून म्हणतो अक्का, तुम्हाला आठवत असेल ते सांगा. फोटोतलं नको. लोक बाळी उजव्याच कानात घालतात ना?”

“त्यासनी नवसनी व्हती. आधीनी पोरं जगनी नहीत, म्हनून देवले बोलेल. नवस जसा बोलेल तसा कान.”

“मग कोणता?”

सुंदरबाई जमिनीकडे बघू लागल्या. पदर नीट केला. डोक्यावरून पुढे ओढला, सवयीने.

“भाऊ, मी त्यासनं तोंड देखेलच नही.”

“म्हणजे?”

“सासरा व्हतात ना ते. डोक्यावरला पदर हनुवटीलगून. ताट वाढं, पाणी दिधं, बठ्ठं खाले दखीसन. ते वारनात तवय लखन पाळनामा व्हता. त्यासनं तोंड मी पहिल्यांदा देखं ते ह्याच फोटोमा.”

बाहेर कोणीतरी भंगारवाला ओरडत गेला. सर त्या म्हाताऱ्या बाईकडे बघत राहिले. एका घरात पाच-सहा वर्षं. रोज दोन वेळचं ताट. आणि चेहरा ठाऊक नाही.

“घरात दुसरं कोणी? नणंदा?”

“गयात बठ्ठ्या.” मग त्यांना एकदम काहीतरी सुचलं. चेहरा उजळला. “पाय विचारा, भाऊ. पाय मी कोठेबी वळखसू. उजवा पायले करंगळी नव्हती. जिनमा कटेल. डावा पायना अंगठा वाकडा. तुमी पाय दखाडा, मी सांगस फोटो उलटा का सुलटा.”

सरांनी भिंग उचललं. त्यांनी फोटो खिडकीशी नेला. भिंग टेकवलं. पुना पायांपर्यंत फोटोत होता. पूर्ण होता. काहीही कापलेलं नव्हतं.

पायांत बूट होते.

घोट्याच्या वर आलेले, लेस बांधलेले, चकचकीत विलायती बूट. धोतरावर. सुंदरबाईंनी फोटो हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि कपाळावर हात मारून घेतला.

“मुरली साहेबना बूट! बठ्ठा जनम अनवाणी हिंडना, आनि फोटोले बूट घालना!”

लखनला हसू आवरेना. सुंदरबाईही पदराआड हसत होत्या. सासऱ्याला इतकं बोलायची त्यांची ही पहिलीच वेळ असावी. सर मात्र खिडकीशी तसेच उभे राहिले. मेलेल्या माणसावर रागावता येत नाही, आणि त्यांना तर पुनावर, मुरली साहेबावर, फोटोवाल्यावर, झेंडूवर, सगळ्यांवर एकदम रागवायचं होतं. कोणाचंच काही चुकलेलं नव्हतं. फोटो काढायचा म्हणून माणूस चांगला दिसायला बघतो. गाडीला हार घालतो, स्वतःला बूट. सून पदर घेते. जो तो आपापल्या जागी बरोबर.

परतीच्या एसटीत त्यांनी झुलाल आबांकडे पुन्हा जायचा विचार केला आणि सोडून दिला. आबा दोन्ही कानांना हो म्हणाले असते.

घरी हेमलताबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मेथी निवडत होत्या.

“मग लिहा ना, उजव्या कानात होती म्हणून. कोण येतंय इटलीहून कान बघायला?”

“आणि डाव्या कानात असली तर?”

“तर नव्हती शर्यतीची. कोणाच्या पोटात दुखणार आहे?”

“माझ्या.”

“मग डाव्या लिहा आणि मोकळे व्हा.”

“तेही माहीत नाही ना!” सर ओरडले. “तेच तर सांगतोय केव्हापासून! मला माहीत नाही!”

हेमलताबाईंनी मेथीची जुडी खाली ठेवली. सरांचा आवाज इतका चढलेला त्यांनी शाळेच्या दिवसांतही ऐकला नव्हता. थोड्या वेळाने त्या हळूच म्हणाल्या, “शंभरातले नव्वद लोक उजव्याच कानात घालतात.”

“उरलेले दहा नवसाचे,” सर म्हणाले.

शीतलचा फोन आला. तिलाही वकिली सुचली. शपथपत्र करून देते म्हणाली. सुंदरबाईंचा अंगठा घेऊ, पुना उजव्या कानात बाळी घालत असे. सरांनी विचारलं, सुंदरबाई काय म्हणून शपथ घेतील? चेहरा पाहिला नाही म्हणून? शीतल म्हणाली, “सॉरी सर.”

त्यांनी गाल्लोंना उत्तर लिहायला घेतलं. या वेळी इंग्रजी जुळवलं नाही. मराठीतच लिहिलं, मोबाइल काय करायचं ते करील. सगळं लिहिलं. जिनिंग, मुरली साहेब, आखाजीचा झोका, धोतराआडची पाटी. नवस म्हणजे काय ते लिहिलं. सून सासऱ्याकडे बघत नाही हेही लिहिलं. ते तिकडे कळेल का, कोण जाणे. बूट लिहिले. करंगळी लिहिली. शेवटचं वाक्य असं आहे: पुना ड्रायव्हर यांच्या, मग थोडी मोकळी जागा, मग कानात बाळी होती.

मोकळ्या जागेवर बोट ठेवलं की तिथे उभी रेघ लुकलुकते. सर तिच्याकडे बघतात. चष्मा पुसतात. मोबाइल पालथा घालून ठेवतात. महिनाअखेर परवावर आली आहे, आणि तो मजकूर अजून तिथेच आहे, न पाठवलेला.